निशिगंधाची हिरवी पाने कापू नका
निशिगंधाचा फुलदांडा वाळला की पाने बुडापासून कापावीत, म्हणजे ‘ताकद कंदात उतरते’, असे घरोघरी सांगितले जाते. ते चुकीचे आहे. कंदातला अन्नसाठा पानांनीच उन्हात तयार केलेला असतो, त्यामुळे हिरवी पाने कापणे म्हणजे कंदाला उपाशी ठेवणे होय. शिवाय एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. माती हलकेच बाजूला सारली तर त्याला चिकटलेली बोराएवढी पिल्ले दिसतात, पुढची फुले त्यांनाच येतात आणि त्यांना पोसतात ती हीच पाने. वाळलेला दांडा तेवढा छाटावा. पाने पिवळी पडून सुकल्यावरच कंद काढावेत आणि 2 सेंटिमीटरहून जाड असलेले निवडून, टोक वर ठेवून, साधारण 5 सेंटिमीटर खोल लावावेत.