मांडीचं हाड, रॉड आणि कोकणातला फॉलोअप

कोकणात मांडीचं हाड मोडायची कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिल-मेमध्ये आंबे उतरवताना झाडावरून पडलेले गडी, पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) घसरून खुब्यात मोडलेल्या म्हाताऱ्या, आणि महामार्गावरचे दुचाकीस्वार तर बारा महिने. ऑपरेशन बहुतेकांचं होतं. अडतं ते पुढच्या सहा-आठ महिन्यांत: हाड जुळतंय का हे पुन्हा पुन्हा दाखवायला जायचं, म्हणजे फॉलोअप, तो सुटतो. हे असं का झालं, त्याला बराच जुना इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या बांधायच्या. मांडी-नडगी मोडली असेल तर रोग्याला फळीवर झोपवून पाच खुंट्यांना पाय जखडायचा. त्या काळी एवढं कळलं होतं की मांडी नुसती बांधून भागत नाही, अख्खा माणूस स्थिर ठेवावा लागतो. वय वाढेल तसा हाड जुळायला वेळ जास्त लागतो, हेही तिथे आहे: तरुणाला एक महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट.

गावोगावच्या हाडवैद्यांनी यातलं बांबूच्या कामट्या, लेप आणि पट्टी एवढं जपलं. मनगटाच्या साध्या मोडीला ते पुरायचं. मांडीला पुरत नसे. तिथले स्नायू इतके ताकदीचे, की मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात. हाड जुळलं तरी पाय आखूड राहतो आणि माणूस जन्मभर लंगडतो. हाडवैद्यांना सरसकट नावं ठेवायची मला गरज वाटत नाही. वेल्समधल्या अशाच एका हाडवैद्याच्या घराण्यात ह्यू ओवेन थॉमस जन्मले आणि डॉक्टर झाले. पाय ताणून धरणारी त्यांची लोखंडी चौकट ‘थॉमस स्प्लिंट’ म्हणून आजही अपघात विभागात असते. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती पहिल्या महायुद्धात आघाडीवर पोचवली. मांडीचं हाड मोडून उघडी जखम झालेल्या सैनिकांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आलं, असं सांगितलं जातं.

मग आला वजनं बांधायचा काळ. हाडातून पिन घालून पायाला वजन लटकवायचं आणि दहा-बारा आठवडे खाटेवर पडून राहायचं. कोकणातल्या माणसासाठी ही खाट म्हणजे मुंबईतलं मोठं हॉस्पिटल, नाहीतर घाट चढून कोल्हापूर-मिरज. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद असत, त्यामुळे जून-जुलैत मोडलेला पाय कित्येकदा घरातच राही. जे पोचत त्यांना पाठीच्या जखमा, आखडलेला गुडघा, छातीचा कफ सोसावा लागे. पण या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती. हाड जुळेपर्यंत रोगी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असे.

१९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंटशर यांनी हाडाच्या पोकळीतून लांब सळी घातली आणि चित्र पालटलं. १९७०च्या दशकात या सळीला वर-खाली स्क्रू लागले. आज आपल्याकडे ज्याला ‘रॉड घातला’ म्हणतात तो हाच. रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो आणि आठवड्याभरात घरी जातो. १९९८ पासून कोकण रेल्वे आहे, सिंधुदुर्गाला गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ आहे. ऑपरेशन आवाक्यात आलं. हाड मात्र आपल्याच गतीने जुळतं: मांडीच्या हाडाच्या मधल्या लांब भागाला साधारण तीन ते सहा महिने. रॉड तोवर भार पेलतो. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच प्रगती नसेल, तर डॉक्टर त्याला नॉन-युनियन, म्हणजे हाड न जुळणं, म्हणतात. अशा वेळी रॉडवरच ताण येत राहतो आणि एक दिवस धातूही मोडतो.

हाड जुळायला उशीर होण्याची कारणं बरीच आहेत. जोराच्या अपघातात हाडाभोवतीचं आवरण आणि रक्तपुरवठा तुटतो. खुब्याच्या मानेला मुळातच रक्त कमी. त्यात मधुमेह, जंतुसंसर्ग, कुपोषण आणि तंबाखू. इथे कोकणासाठी एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आपल्याकडची म्हातारी प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण ती फक्त मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. डॉक्टरांनी नाव घेऊन विचारावं, आणि घरच्यांनी न विचारता सांगावं.

दुखणं कमी झालं की फॉलोअप सुटतो. मुलगा चाकरमानी, तो गणपतीला येईल तेव्हा मुंबईला नेईल, असं म्हणता म्हणता पाच महिने जातात. खरं तर दीड, तीन आणि सहा महिन्यांचा एक्स-रे काढायला मुंबई लागत नाही. चिपळूणजवळचं कामथे, कणकवली, सावंतवाडी इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. तालुक्याला फिल्म काढून ती ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवता येते. मात्र जुन्या फिल्म सोबत हव्यात. हाड जुळतंय की थांबलंय हे एका फिल्मवरून कळत नाही, दोन शेजारी ठेवल्या की कळतं. थांबलेलं वेळेत लक्षात आलं तर उपाय आहेत: रॉडच्या एका टोकाचे स्क्रू काढून हाडावर भार येऊ देणं, रॉड बदलून जास्त जाड घालणं, कमरेचं हाड काढून तिथे भरणं. वजन कधी टाकायचं आणि खाली मांडी घालून कधी बसायचं, हेही त्या फिल्मवरच ठरतं.

खुब्यात मोडलेल्या म्हातारीला हाडाच्या ठिसूळपणाची औषधंही हवीत. ती बहुतेकदा सुरूच होत नाहीत. आणि ज्यांना ठिसूळपणावरच्याच बिस्फॉस्फोनेट नावाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, त्यांची मांडी पडल्याशिवायच दुखू लागली, तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे लगेच काढावा. या गोळ्यांवर असताना मांडीचं हाड किरकोळ निमित्ताने मोडल्याच्या नोंदी २००५च्या सुमारास येऊ लागल्या. असं मोडण्याआधी बऱ्याचदा कित्येक आठवडे मांडी ठणकत असते, आणि ही मोडही उशिरा जुळणाऱ्यांपैकीच.