पाकिटातली पहिली गोळी

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाआधी 'पाळी पुढे ढकलायची गोळी' मागायला कोल्हापुरातल्या बायका औषध दुकानात जातात. ती गोळी रोजच्या गर्भनिरोधक गोळीपेक्षा वेगळी. पाळीच्या अपेक्षित तारखेआधी 3 दिवस सुरू करून दिवसातून तीनदा घ्यायची ती नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम. तिच्या भरवशावर गर्भ राहणार नाही असं धरून चालू नये.

गर्भ राहू नये म्हणून रोज घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट आणि आशाताईंकडेही मिळते ती माला-एन. पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या गोळ्यांपैकी प्रत्येकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल 0.03 मिलिग्रॅम ही दोन संप्रेरकं (हार्मोन्स), उरलेल्या 7 लोहाच्या. पांढऱ्या गोळ्यांमुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी शांत राहते. बीजकोशाला जागं करणारी संप्रेरकं ती पुरेशी सोडत नाही, त्यामुळे बीज पिकतही नाही आणि सुटतही नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना वाट मिळत नाही.

लोहाच्या आठवड्यात संप्रेरकं थांबतात आणि रक्तस्राव होतो. दिसायला पाळीच, पण त्यामागे बीज सुटलेलं नसतं. याच 7 दिवसांत पीयूषिका पुन्हा डोळे उघडू लागते. सातच्या पुढे गेलात तर बीज सुटू शकतं. म्हणून सगळ्यात महागात पडते ती नव्या पाकिटातली पहिली गोळी विसरणं. आणि विसरायला कारणंही भरपूर: जुनं पाकीट संपलं, आशाताई दोन दिवसांनी येणार, किंवा गौरी-गणपतीला माहेरी गडहिंग्लजला गेलात आणि पाकीट कोल्हापूरच्या कपाटातच राहिलं. एक पाकीट कायम जास्तीचं ठेवावं.

पहिलं पाकीट पाळीच्या पहिल्या 5 दिवसांत सुरू केलं तर वेगळी काळजी लागत नाही. पांढरी एक गोळी चुकली तर आठवताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्या, बाकीच्या वेळेवर, आणि 7 दिवस निरोध वापरा. हे पांढऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यात घडलं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट उघडा. लोहाची चुकली तर ती टाकून द्या. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं गोळीचा असर कमी करतात, ती चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

न चुकता घेतली तर वर्षभरात 1000 बायकांपैकी सुमारे 3 जणींनाच गर्भ राहतो. प्रत्यक्षात, विसराविसरी धरून, हाच आकडा 70च्या घरात जातो. अंगावरून कमी जातं, पोटात कमी दुखतं, रक्त कमी असलेल्या बाईला ही मोठीच मदत. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही घटतो. मूल हवं झालं की गोळी थांबवा, बीज सुटणं लवकरच सुरू होतं.

ही गोळी सगळ्यांसाठी नाही. पस्तिशीपुढे धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, यांपैकी काहीही असेल तर नको. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल तर 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी विचारा. ती संप्रेरकांची नाही. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच.

माला-एन चालू असताना एकाच पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखलं, दम लागला किंवा अचानक अंधुक दिसू लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं रुग्णालय गाठावं.