कफाच्या बाटलीत अडुळशाशेजारी काय काय आलं

छातीत कफ साठला की अडुळशाचा रस मधातून देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. त्या पानांतल्या वासिसिन या द्रव्याच्या धर्तीवर जर्मनीत कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि 1963 मध्ये बाजारात आलं. अँब्रॉक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. कफ सुटायला मदत करणाऱ्या ग्वायफेनेसिनचं मूळ अमेरिकेतल्या ग्वायकम झाडात. तिकडे त्याला 1952 मध्ये मान्यता मिळाली.

ही तिन्ही औषधं त्यामानाने सौम्य. मळमळ, जळजळ होऊ शकते. अल्सर असेल तर पहिली दोन डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, कारण जठराच्या आतला संरक्षक थरही त्यांनी कमकुवत होऊ शकतो. अंगावर पुरळ उठलं, तर औषध तिथेच थांबवायचं.

खरा धोका सोबतच्या औषधांचा. खूप खपणाऱ्या एका मिश्रणात 5 मिलीत ग्वायफेनेसिन 50 मिग्रॅ, ब्रोमहेक्झिन 4 मिग्रॅ आणि श्वासनळ्या रुंदावणारं टर्ब्युटालिन 1.25 मिग्रॅ असतं. प्रौढाने 10 मिली घेतलं, तर ग्वायफेनेसिन जातं 100 मिग्रॅ; त्याची नेहमीची मात्रा 200 ते 400. टर्ब्युटालिन मात्र पुरेपूर 2.5 मिग्रॅ. म्हणून ‘कफ सुटत नाही’ म्हणत आणखी दोन झाकणं घेतली की हात थरथरतात, छातीत धडधडतं. टर्ब्युटालिन नियमाने चिठ्ठीवरचं, तरी काउंटरवर सर्रास मिळतं. हृदयरोग, थायरॉइड, मधुमेह असणाऱ्यांनी लेबल वाचल्याशिवाय घेऊच नये. डेक्स्ट्रोमेथॉर्फान असेल, तर ते खोकला दाबतं. ओल्या खोकल्यात बेडका बाहेर पडणंच गरजेचं असतं. मात्रा घरच्या चमच्याने नव्हे, खुणांच्या मापाने मोजावी.

दुसरा धोका औषध ज्यात विरघळवतात, त्या द्रवाचा. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला गेला. तेच विष 2025 मध्ये छिंदवाड्यात मुलांच्या सिरपमध्ये सापडलं. त्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन ही सर्दीवरच्या औषधांची जोडी होती, जी 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच बजावलं होतं. सिरप चालू असताना मुलाची लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, तर तडक रुग्णालय गाठा आणि बाटली बॅच क्रमांकाच्या लेबलसकट सोबत न्या.