पोटातला स्टेंट आणि किडनीची हलती धमनी

पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी मोठी नळी, साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते. पुरुषांत ती फुगून 5.5 सेंटीमीटरवर गेली की फुटण्याची धास्ती वाढते. मग जांघेतून कापडी अस्तराचा स्टेंट (तारांच्या जाळीची नळी) आत बसवतात. फुगवटा किडनीच्या फाट्यांना लागून असेल, तर त्या कापडाला खिडक्या ठेवून दोन्ही किडनीच्या धमन्यांत वेगळे छोटे स्टेंट घालतात. हे पत्रक अशा पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

श्वास घेतला की किडनी एक-दोन सेंटीमीटर खाली सरकते, सोडला की वर येते. धमनीचं मूळ महाधमनीला पक्कं असतं, दुसरं टोक किडनीसंगं हलतं. संत्र्याच्या बागेतलं ठिबक पहा. सबमेन (मोठी नळी) जमिनीत गाडलेली, लॅटरल (तिला जोडलेली बारीक नळी) वर मोकळी. जोडाजवळ कडक नळीचा तुकडा घातला, तर लॅटरल हलायची थांबत नाही. तुकडा जिथं संपतो तिथंच ती मोडते. स्टेंटचंही तसंच. 5-6 मिलिमीटरच्या धमनीचा मुळाकडचा भाग ताठ होतो आणि वाकण्याचा भार स्टेंटच्या किडनीकडच्या टोकावर येतो, तोही दिवसाला सुमारे 20 हजार वेळा. तिथं घडी पडू शकते, धमनीचं आतलं अस्तर वाढून वाट अरुंद होते, क्वचित तारही तुटते. पण म्हणून कोणी श्वास आखडता घेऊ नये. बिघाड वेळेत सापडणं महत्त्वाचं.

आमच्याकडे डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) करताना आम्ही स्टेंटचं हे टोक मुद्दाम पाहतो, श्वास आत घेऊन आणि सोडूनही. स्टेंटमध्ये रक्ताचा वेग मुळातच थोडा जास्त भरतो, त्यामुळे एका आकड्यावर निष्कर्ष निघत नाही. ऑपरेशननंतरचा पहिला रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड आणाच, तुलना त्याच्याशीच होते. 6 तास उपाशी या. आतड्यात वायू असला की धमनी दिसतच नाही. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत चालते, शुगरच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा.

कुशीत अचानक दुखलं, लघवी कमी झाली, बीपी एकाएकी चढलं किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं, तर आमच्याकडे तपासणीचा नंबर लागायची वाट पाहू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. रक्त बंद पडलेली किडनी काही तासच तग धरते.

कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या किडनीला मारक असतात. मे महिन्यात 45 डिग्रीत वावरात राबताना अंगातलं पाणी आटतं, तेव्हा तर मुळीच नको. बिडी आणि खर्रा बंद. आणि रक्त पातळ ठेवायची गोळी दात काढायचा असला तरी विचारल्याशिवाय थांबवू नका.