नैसर्गिक एकके

मानवी शरीर, धान्याचा दाणा किंवा धातूची पट्टी यांचा आधार न घेता, केवळ निसर्गातील मूलभूत स्थिरांकांवरून ठरवलेल्या एककांना नैसर्गिक एकके म्हणतात. जुनी मापे याच्या नेमकी उलट असत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त आठ यवांचे (जवाच्या दाण्यांचे) एक अंगुल आणि चोवीस अंगुलांचा एक हात मानला आहे, तर ‘सिद्धांतशिरोमणी’त निमिषाचा तीन हजारावा भाग म्हणजे त्रुटी, आजच्या हिशेबाने सेकंदाचा सुमारे ३३,७५० वा भाग. मात्र त्रुटी ही दिवसाचे भाग पाडत गेल्याने मिळते. तिच्याही पुढे भाग पाडायला गणिताची आडकाठी नाही.

विद्युत् भार, प्रकाशवेग आणि गुरुत्व स्थिरांक यांवरून एकके बांधण्याची कल्पना जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी १८७४ मध्ये मांडली. पुढे १८९९ मध्ये, म्हणजे पुंज (क्वांटम) कल्पना मांडण्याच्या आधीच, माक्स प्लांक यांनी विद्युत् भाराच्या जागी आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा स्थिरांक घेतला. त्यांवरून प्लांक लांबी १.६ × १०⁻³⁵ मीटर येते आणि तेवढे अंतर कापण्यास प्रकाशाला लागणारा प्लांक काल ५.४ × १०⁻⁴⁴ सेकंद येतो. प्लांक वस्तुमान मात्र चकित करण्याइतके मोठे, सुमारे ०.०२२ मिलिग्रॅम आहे: खानदेशातील दादर ज्वारीच्या एका दाण्यात अशी हजारावर वस्तुमाने सहज मावतात. एवढे वस्तुमान एकाच मूलकणात कोंबणे ही खरी अडचण आहे.

लहान अंतर पाहायचे तर कमी तरंगलांबीचे, म्हणजे अधिक ऊर्जेचे किरण लागतात. प्लांक लांबीपर्यंत पोहोचल्यावर लागणारी ऊर्जा इतक्या लहान जागेत एकवटते की, आजच्या सिद्धांतांनुसार तिथे कृष्णविवर बनावे आणि पाहण्याची क्रियाच थांबावी. ऊर्जा आणखी वाढवली तर विवर उलट मोठेच होते. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रातील टकरींपेक्षा ही ऊर्जा सुमारे १०¹⁵ पट असल्याने प्रयोगशाळेत तिथवर पोहोचण्याचा मार्ग आज नाही.

यावरून अवकाश प्लांक लांबीच्या ठोकळ्यांनी बनले आहे असे अनेकदा सांगितले जाते, पण ते सिद्ध झालेले नाही. ही लांबी ज्ञात सिद्धांतांच्या अंमलाची सीमा दाखवते, अवकाशाची वीण नव्हे. २००९ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने नोंदलेल्या गॅमा किरण स्फोटात, सुमारे सात अब्ज वर्षांच्या प्रवासानंतरही अतिऊर्जावान प्रकाशकण इतरांच्या मागे लक्षणीय पडलेला आढळला नाही; त्यामुळे ऊर्जेच्या सरळ प्रमाणात प्रकाशवेग बदलतो असे मानणाऱ्या कल्पनांवर कडक मर्यादा आल्या.

व्यवहारात ही एकके वापरता येत नाहीत, कारण १७९८ च्या कॅव्हेंडिश प्रयोगापासून मोजला जात असलेला गुरुत्व स्थिरांक आजही दशलक्षात सुमारे २२ भाग इतका अनिश्चित आहे. म्हणून कण भौतिकीत गुरुत्व बाजूला ठेवून प्रकाशवेग आणि २π ने भागलेला प्लांक स्थिरांक एवढेच १ मानतात आणि लांबी, काल व वस्तुमान ही सर्व मापे इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेच्या एककाच्या घातांत लिहितात.