एकाच शब्दाशी तीनदा नवी ओळख

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरची एक मुलगी बँकेच्या परीक्षांची तयारी करते. अभ्यासिकेत जायच्या आधी इंग्रजी पेपर घेऊन बसायचं, अग्रलेख आणि दोन-तीन बातम्या वाचायच्या, अडलेला शब्द लाल पेनाने अधोरेखित करून अर्थ वहीत उतरवायचा. सात महिने तिने हा नेम मोडला नाही. डिसेंबरअखेर ती वही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "काका, माझ्या डोक्यात काहीच राहत नाही हो."

मी वही चाळली. जूनच्या पानावर 'युबिक्विटस', अर्थ: सर्वत्र आढळणारा. गणपती उठल्यानंतरच्या एका पानावर पुन्हा 'युबिक्विटस', अर्थ तोच, अक्षर जरा घाईचं. डिसेंबरात तिसऱ्यांदा, आणि या वेळी शेजारी प्रश्नचिन्ह. सर्वत्र आढळणारा म्हणे, आणि सात महिन्यांत आढळला तीनदा!

यात तिच्या डोक्याचा काही दोष नाही. घोळ गणितात आहे, आणि 'रोज 10 शब्द, वर्षात 3650' असं छातीठोकपणे सांगणारे क्लासवाले नेमकं तेच गणित सांगत नाहीत.

1961 साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या बातम्या, कथा, लेख अशा सगळ्या प्रकारच्या मजकुरातून ब्राउन विद्यापीठात सुमारे 10 लाख शब्दांचा एक संग्रह केला गेला. त्यात 'द' हा शब्द जवळजवळ 70 हजार वेळा येतो, 'ऑफ' 36 हजार वेळा, 'अँड' 29 हजार वेळा. फक्त 135 शब्दांनी अर्धा मजकूर व्यापलाय. उलट टोकाला पाहा: वेगवेगळे शब्द मोजले तर साधारण 50 हजार भरतात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास अख्ख्या संग्रहात एकदाच येतात. दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या निम्म्याने, तिसरा एक तृतीयांशाने, शंभरावा एक शतांशाने, अशी ही ढोबळ उतरंड असते. हार्वर्डच्या जॉर्ज झिफवरून तिला झिफचा नियम म्हणतात. पण त्याच्याही आधी हे लक्षात आलं होतं झाँ-बातिस्त एस्तू या फ्रेंच लघुलेखकाच्या. साहजिकच आहे, कुठला शब्द किती वेळा येतो याची झळ लघुलेखकाच्या मनगटालाच आधी बसणार.

आता वहीकडे येऊ. ती रोज साधारण 2000 शब्द वाचते. सात महिन्यांचे झाले 4 लाख 20 हजार. त्यात तीनदा भेटलेला शब्द म्हणजे दहा लाखांत सातेक वेळा येणारा, तसा माणसाळलेलाच. जे खरे 'अवघड' शब्द परीक्षेला विचारतात त्यातले कितीतरी दहा लाखांत एखादवेळी येतात. असा शब्द आज दिसला तर पुन्हा दिसायला सरासरी 500 दिवस. पुढच्या महिनाभरात तो भेटण्याची शक्यता किती? विरळ घटनांची शक्यता काढायचं प्वासाँचं सूत्र लावा (महिन्याचे 60 हजार शब्द म्हणजे दहा लाखांच्या 0.06 पट), एकातून 'ई'चा उणे 0.06 घात वजा करा, उत्तर येतं जेमतेम 6 टक्के. (सूत्र नको असेल तर सोडून द्या, 6 टक्के तेवढे लक्षात ठेवा.)

इकडे विसरणं मात्र 500 दिवस थांबत नाही. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. 20 मिनिटांनी 58 टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने 34 टक्के, महिन्याने 21. अर्थ असलेले शब्द जास्त टिकतात हे खरं, पण घसरगुंडीचा आकार तोच: आधी धाडकन, मग हळूहळू. म्हणजे उजळणी हवी दोन-चार दिवसांत, आणि शब्द परतणार वर्ष-दीड वर्षाने.

मग पेपर वाचून शब्द येतच नाहीत का? येतात, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. झिफचा हिशोब शब्द सगळीकडे सारखे विखुरलेत असं धरून चालतो. तसे ते नसतात. 2000 साली केनेथ चर्च या संशोधकाने 'नोरिएगा' या नावाचं उदाहरण घेतलं. पनामाचा हा लष्करशहा 1989च्या अमेरिकी आक्रमणात सत्तेवरून गेला. समजा, हजार बातम्यांत एका बातमीत हे नाव येतं. तेच नाव दोनदा असलेली बातमी किती दुर्मीळ? शाळेतलं गणित म्हणेल, हजार गुणिले हजार, दहा लाखांत एक. प्रत्यक्षात ती दोन हजारांत एकीच्या आसपास सापडते. म्हणजे अंदाज 500 पटींनी चुकला! एकदा नाव आलं की पुन्हा येण्याची शक्यता हजारांत एकवरून थेट निम्म्यावर जाते. दुर्मीळ शब्द एकेकटे हिंडत नाहीत, थव्याने उतरतात. आणि बातमी आठवडाभर चालली की थवाही आठवडाभर तिथेच.

म्हणून रोज वेगळा अग्रलेख वाचण्यापेक्षा एकच बातमी धरून ठेवावी. बँकेच्या परीक्षेला तर रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सोन्यासारखं: 'रेपो', 'लिक्विडिटी', 'स्टान्स', 'हॉकिश' असे शब्द चार-पाच दिवस ठाण मांडतात, आणि दोन महिन्यांनी पुढच्या आढाव्याला पुन्हा हजर. मात्र 'युबिक्विटस'सारखा कुठल्याही विषयात खपणारा दागिना असा थव्यात येत नाही. त्याची वाट पेपरात पाहू नये, चिठ्ठीवर लिहून स्वतःलाच विचारत राहावं.

याच मुलीच्या मावशीने सुचवला होता 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा क्लास, म्हणजे मध्यमस्तिष्क 'चालू' करून स्मरणशक्ती वाढवण्याचा आणि डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणारा. मध्यमस्तिष्क डोळ्यांची हालचाल, बाहुल्यांचं आकुंचन अशी कामं जन्मापासून करतच असतं. ते बंद असलेला माणूस फी भरायला येऊ शकणार नाही. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांना नाकाशेजारच्या फटीतून खालचं दिसत असतं, पट्टी नीट बसवा, वाचन थांबतं.

फेब्रुवारीच्या पतधोरणाला तिने पाच दिवस तेवढीच बातमी वाचली, तीन पेपरांतून. 'हॉकिश', म्हणजे व्याजदर चढे ठेवण्याकडे कल असलेला, हा शब्द पहिल्या दिवशी लाल झाला, दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने बारीक टिंब, चौथ्या दिवशी तिने पेनच उचललं नाही. 'युबिक्विटस'ची चिठ्ठी फ्रिजवर चिकटली आहे. परवा तिच्या आईने मला जिन्यात थांबवून विचारलं, "भाऊजी, ही कुठली गोळी चालू केलीय हिने?"