त्यागराज आराधना (तिरुवैयारू)

कर्नाटक संगीतातले थोर वाग्गेयकार (शब्द आणि चाल दोन्ही स्वतः रचणारे) संत त्यागराज (1767–1847) यांच्या पुण्यतिथीला तमिळनाडूत तंजावरजवळच्या तिरुवैयारू गावी त्यांच्या समाधीपाशी दरवर्षी होणारा संगीत उत्सव. तिथी पौष वद्य पंचमी, तिकडच्या भाषेत पुष्य बहुल पंचमी, म्हणजे इंग्रजी महिना बहुतेक जानेवारी. उत्सव साधारण पाच दिवसांचा असतो आणि पंचमीचा दिवस मुख्य.

आधी नावाचं बघू, कारण मराठी वाचकाचा इथे हमखास घोळ होतो. आराधना म्हणजे आपण एरवी म्हणतो ती उपासना नाही. संन्यास घेतलेल्या माणसाचं श्राद्ध करत नाहीत, दहनही करत नाहीत, समाधी देतात, आणि त्याच्या तिथीला जो उत्सव होतो त्याला दक्षिणेत आराधना म्हणतात. राघवेंद्र स्वामींच्या मठात श्रावणात पूर्वाराधना, मध्याराधना, उत्तराराधना असते ती हीच. त्यागराजांनी अगदी शेवटी शेवटी संन्यास घेतला आणि 6 जानेवारी 1847 ला ते गेले, म्हणून कावेरीकाठी समाधी आणि म्हणून आराधना. एका गृहस्थाश्रमी गवयाची नुसती पुण्यतिथी असती तर ती घरच्या श्राद्धापुरती राहिली असती, हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच काही कळतं. (जन्मसालाबद्दल मात्र मतभेद आहेत. 1767 हे साल आता बहुतेकांनी धरलंय, काही जुन्या चरित्रांत 1759 येतं. 1767 जास्त पटण्यासारखं आहे.)

गावाचं नाव तिरु-ऐ-आरु, म्हणजे श्री-पाच-नद्या, संस्कृतात पंचनद क्षेत्र. तंजावरच्या उत्तरेला साधारण 12-13 किलोमीटरवर. शिवाचं जुनं मोठं देऊळ आहे, पण रामभक्त त्यागराजांमुळे गाव जगाला माहीत झालं.

आता मराठी संबंध, ज्याबद्दल आपल्याकडे जरा जास्तच अभिमानाने बोललं जातं. तंजावरवर व्यंकोजींपासून भोसल्यांचं राज्य होतं आणि त्यागराजांचं आयुष्य दुसरे तुळजाजी, दुसरे सरफोजी आणि दुसरे शिवाजी यांच्या काळात गेलं हे खरंच आहे. त्यांचे गुरू सोंटी वेंकटरमणय्या दरबारातले गवई होते हेही सगळे मानतात. पण 1799 च्या तहानंतर सरफोजींची सत्ता तंजावरचा किल्ला आणि आजूबाजूपुरती उरली होती, मुलूख कंपनीकडे गेला होता, तेव्हा त्यागराजांना मराठ्यांचा राजाश्रय वगैरे म्हणण्यात फार अर्थ नाही, उलट प्रसिद्ध गोष्ट आहे ती राजाश्रय नाकारल्याची. सरफोजींनी दरबारात गायला बोलावलं, नजराणा पाठवला, त्यागराजांनी तो परत केला आणि कल्याणी रागात 'निधि चाल सुखमा' ही कृती (म्हणजे रागतालात बांधलेली गीतरचना) रचली, म्हणजे धन सुखाचं की रामाची सेवा. ही गोष्ट शिष्यपरंपरेतल्या चरित्रांतून आलेली आहे. कृतीत राजाचं नाव कुठेच नाही, फक्त 'नरस्तुती' सुखाची का असा सवाल आहे, आणि तो सवाल कुठल्याही राजाला लागू पडतो. त्यामुळे प्रसंग तसाच घडला असेलही, पण कृतीवरून तो सिद्ध होतो असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा भक्कम मराठी धागा दुसरा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. तंजावर भागात समर्थ संप्रदायाचे मठ होते, कीर्तनकारांची ये-जा होती, आणि तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तशीच चालतात. आराधनेचा उत्सव ज्या भागवत मंडळींनी उभा केला ती याच भजन-हरिकथेच्या वातावरणातली माणसं होती. म्हणजे मराठ्यांचा वाटा शोधायचाच असेल तर तो दरबारात नको, कीर्तनाच्या फडात शोधावा.

उत्सवाच्या सुरुवातीबद्दल वाद आहे, आणि तो बराचसा 'सुरुवात' कशाला म्हणायचं यावर आहे. त्यागराज गेल्यावर शिष्य आपापल्या गावी घरीच तिथी पाळायचे आणि समाधीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ती जवळजवळ पडायला आली होती. 1903 च्या सुमारास उमैयालपुरम कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर या प्रत्यक्ष शिष्यांनी, तेव्हा दोघंही म्हातारे झालेले, तिची डागडुजी केली. सार्वजनिक स्वरूप आलं ते पुढच्या काही वर्षांत, तिल्लैस्थानम नरसिंह भागवतर आणि पंजू भागवतर या भावांच्या खटपटीने. काही जण 1903 धरतात, काही 1907-08. समाधीवर पुन्हा दिवा लागला तो पहिला प्रसंग आणि वर्गणी काढून गायक-वादक बोलवायला लागले तो दुसरा, असं वेगवेगळं मोजलं तर भांडणाचं कारण उरत नाही.

पण भांडणं झालीच. थोड्याच काळात दोन तट पडले, पेरिय कच्ची आणि चिन्न कच्ची, म्हणजे मोठा पक्ष आणि धाकटा पक्ष, आणि एकाच समाधीपाशी दोन वेगळे उत्सव व्हायला लागले. मोठ्या पक्षाशी व्हायोलिनवादक मलैकोट्टै गोविंदस्वामी पिळ्ळै यांचं नाव जोडलेलं आहे. आपल्याकडे एका गावात दोन गणपती मंडळं असतात तसंच हे, फक्त इथे दोन्हीकडे दिग्गज. एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं, समाधीसमोर बायकांनी गायचं नाही.

इथे बंगळूर नागरत्नम्मा (1878–1952) येतात. देवदासी घराण्यातल्या, मद्रासमध्ये नाव आणि पैसा दोन्ही कमावलेल्या गायिका. मुद्दुपळनी या तेलुगू कवयित्रीचं शृंगारकाव्य 1910 मध्ये छापून त्यांनी सरकारचा आणि सभ्य समाजाचा रोष आधीच ओढवून घेतला होता. समाधीची दुरवस्था कळल्यावर 1920 च्या दशकात त्यांनी स्वतःच्या पैशाने, दागिने विकून, समाधीवर देऊळ बांधलं आणि त्यागराजांची मूर्ती बसवली. म्हणजे देऊळ बाईच्या पैशाचं आणि त्याच्यासमोर गायची बंदी बाईलाच! मग त्यांनी बायकांचा वेगळा उत्सव सुरू केला, त्याला पेण्गळ कच्ची म्हणत, पेण्गळ म्हणजे बायका. जुने लेखक नागरत्नम्मांचा उल्लेख 'देणगीदार' एवढाच करून पुढे जातात, अलीकडच्या संशोधकांनी त्यांना उत्सव घडवणाऱ्यांत धरलंय आणि तेच योग्य. 1940-41 च्या सुमारास तिन्ही उत्सव एक झाले आणि बायका समाधीसमोर गायला लागल्या. नागरत्नम्मांची समाधीही तिथेच, त्यागराजांच्या समोर आहे.

आज टीव्हीवर जे दृश्य दिसतं, शेकडो गायक-वादक समोरासमोर ओळीने बसून एकसुरात पंचरत्न, म्हणजे त्यागराजांच्या पाच मोठ्या कृती, गाताहेत, ते लोकांना फार पुरातन वाटतं, पण ही पद्धत या एकीकरणाच्या वेळची, म्हणजे 1941 च्या आसपासची आहे. कल्पना कुणाची यावर दोन-तीन नावं सांगितली जातात, हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर त्यात ठळक. पण कारण उघड आहे: तीन पक्षांतली माणसं एकत्र आणायची, कोण आधी कोण नंतर हा मानापमान टाळायचा, तर सगळ्यांनी एकदमच गावं.

पंचरत्न म्हणजे पाच घनरागांतल्या पाच मोठ्या कृती: नाट रागात 'जगदानंदकारक', गौळमध्ये 'दुडुकु गल', आरभीत 'साधिंचने', वराळीत 'कनकन रुचिरा' आणि श्री रागात 'एंदरो महानुभावुलु'. पहिली संस्कृतात, बाकी चार तेलुगू, ताल पाचही कृतींना आदि. 'पंचरत्न' हे नाव त्यागराजांनी स्वतः दिलं नसावं, नंतरच्या लोकांनी दिलं असावं हे मत जास्त ग्राह्य वाटतं. रचनेची खुबी अशी की चरणं आधी स्वरांत म्हणायची आणि मग त्याच स्वरांवर शब्द, त्यामुळे ज्याला कृती पाठ आहे त्यालाच त्या घोळक्यात टिकता येतं, नुसता आवाज मिळवून चालत नाही. शिष्यपरंपरा वेगवेगळ्या असल्याने पाठभेद आहेत आणि सामूहिक गायनासाठी एक पाठ ठरवून घ्यावा लागला, यात काही घराण्यांच्या गाण्यातल्या खास जागा गेल्या अशी कुरकुर जाणकार करतात. वराळी रागाची आणखी एक गंमत, तो गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवला तर दोघांत वितुष्ट येतं अशी समजूत आहे, म्हणून पूर्वी ही कृती ऐकून ऐकूनच उचलायची.

पंचमीचा क्रम असा: पहाटे नादस्वरम (सनईसारखं वाद्य), मग उंछवृत्ती भजन, मग समाधीपाशी बासरीवर भैरवी रागातली 'चेतुलारा', त्यानंतर पंचरत्न आणि त्याच वेळी मूर्तीला अभिषेक, शेवटी आरती. उंछवृत्ती म्हणजे रामनाम गात दारोदार फिरून मिळेल तेवढे तांदूळ घ्यायचे, आपल्या माधुकरीची जवळची बहीण, त्यागराज आयुष्यभर यावरच जगले. त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत ही फेरी अजून निघते. बघायला येणारे मात्र बहुतेक थेट पंचरत्नालाच उगवतात. बाकीच्या दिवशी मांडवात सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक गायन-वादन, प्रत्येकाला थोडी मिनिटं, बिदागी नाही, नवशिके आणि नावाजलेले एकाच रांगेत. आकाशवाणी-दूरदर्शन प्रक्षेपण करतात. शेवटच्या रात्री आंजनेय (मारुती) उत्सवाने सांगता.

तिरुवैयारूबाहेर आराधना जिथे जिथे दाक्षिणात्य वस्ती तिथे होते, मुंबईत माटुंगा-चेंबूरकडे, आणि अमेरिकेत क्लीव्हलँडला 1978 पासून, तीही मोठ्या प्रमाणात. हिंदुस्थानी गवयांचा संबंध तुरळक, तरी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातली 'राम नी समानमेवरु' ध्वनिमुद्रित केली होती, आणि मिरजेला खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात आजही गाणं होतं.